परीक्षक लांबचाच हवा

...नाही हो, शेगडीचं काहीच नाही! शेगडी बिचारी पहिल्या काडीला पेटली. मला काय वाटलं होतं, घोळ झालाच तर शेगडीत होईल, विजेत होईल, मांडवात होईल, राजधानी लुसाकाहून येणाऱ्या मॅडमची गाडी वाटेत बंद पडेल... सगळ्याची तयारी ठेवली होती मी. दोरी, टाचण्या, जादा मेणबत्त्या, सगळं! आणि घोळ झाला कशात? तर उंदरात! आता तुम्ही म्हणाल, देशातला कोळसा हटवायचा, त्यासाठी नव्या कल्पनांची स्पर्धा भरवायची, त्यात उंदीर कुठून आला? तेच तर तुम्हाला सांगते!

मी तिओंगे शावा. चिपाटाची, देशाच्या पूर्व टोकाची. शिकले मात्र हॉलंडात, आणि काय शिकले? तर एका गावात निघालेली चांगली कल्पना देशभर कशी न्यायची, हे! हसू नका, पदवी मिळते त्याची तिथं. परत आले ती एक जाडजूड प्रबंध आणि एक घडीची सायकल घेऊन. घडीची म्हणजे काय, दुमडायची, काखोटीला मारायची आणि चालू पडायचं. विमानातून आणली, लेकरासारखी गोधडीत गुंडाळून. धूर नाही, पेट्रोल नाही... आणि चिपाटात अशी सायकल घेऊन यायचं म्हणजे हो! जिथं घरटी सायकल, माणसं सायकलवर बसून, मागं बकरी बांधून, वर कोबीची पोती घेऊन बाजाराला जातात, तिथं माझी सायकल बघून अख्खी आळी जमली. म्हातारे वाकून वाकून बघतायत. 'पोरी, उरलेली अर्धी कधी येणार?'

आणि मी म्हणे देश हिरवा करणार!

पण करायचं तर होतंच ना! आमच्याकडं कसं आहे माहितीय का, धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून कोळसा, कोळसा म्हणून झाडं नाहीत, झाडं नाहीत म्हणून पाऊस नाही, पाऊस नाही म्हणून पुन्हा धरणात पाणी नाही! हमरस्त्यानं जा, दोन्ही अंगांना कोळशाची पोती उभी, लग्नाच्या वरातीसारखी. रात्री झोप लागायची नाही मला. मग ही स्पर्धा. कोळशाशिवाय स्वयंपाक करून दाखवा! आधी एकट्या चिपाटात, आणि इथं नीट पार पडली तर दहाच्या दहा प्रांतांत. कळलं का काय पणाला लागलं होतं? दहा प्रांत! लुसाकाच्या आमच्या मुख्य कचेरीतल्या मॅडम नामुकोलो अंतिम फेरीला स्वतः येणार होत्या आणि त्यांनी फोनवर आधीच बजावलं होतं, 'तिओंगे, वशिला दिसला, तमाशा दिसला, की विषय चिपाटातच संपला. पुढं एक पाऊल नाही.' त्या असं बोलतात ना, तर फोनसुद्धा गार पडतो.

आता वशिला टाळायचा कसा? चिपाटात परीक्षक शोधायला निघाले. हेडमास्तरांकडं गेले, तर एक स्पर्धक त्यांच्या बायकोचा मामा. बँकेच्या साहेबांकडं गेले, तर ते म्हणाले, मी अगदी निःपक्ष आहे, फक्त माझ्या मेव्हण्याला पहिला नंबर द्या. पाद्रीबुवांनी तर नाव ऐकायच्या आधीच निकाल सांगितला! म्हटलं, बास. परीक्षक लांबचाच हवा. जिथून कोणाचं कोणी लागत नाही असा! भिंतीवरच्या नकाशापुढं उभी राहिले, डोळे बारीक केले आणि बोट ठेवलं ते थेट उत्तरेला. कासामा! बेंबा लोकांचा मुलूख. आम्ही अंगोनी. भाषा वेगळी, जेवण वेगळं, बसनं जायचं तर लुसाकावरून वळसा घालून दोन दिवस. ह्याच्यापेक्षा लांब जायचं तर देशच संपतो!

तिथले बा चिलेक्वा मिळाले, 'बा' हे मानानं लावायचं हो. तांब्याच्या खाणीत जन्म काढलेले इंजिनियर, आता निवृत्त. फोन केला. म्हटलं, 'बा, एकच विचारते, चिपाटात तुमचे कोणी नातेवाईक?'

'नातेवाईक? छे छे छे! तिथं फक्त माझे गुलाम राहतात.'

मी आपली हसले. म्हटलं, म्हातारा मिश्कील दिसतो. ठरवून टाकलं, नातं नाही! आणि घरी जाऊन बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, 'बाबा, परीक्षक अगदी निःपक्ष मिळाला. बेंबा आहे!' बाबांनी चहाचा मग खाली ठेवला, तोंडावर रुमाल घेतला आणि परसात निघून गेले. खांदे हलत होते त्यांचे. मला वाटलं, ठसका लागला.

तुम्ही म्हणाल, अगं तू स्वतः अंगोनी, तुला माहीत नव्हतं? माहीत होतं हो! शेंबडं पोर असल्यापासून माहीत होतं! बेंबा आणि अंगोनी म्हणजे थट्टेचे सोयरे. पणजोबांच्या काळात दोघांच्या लढाया झाल्या. जिंकलं कोण? त्यांना विचाराल तर ते, आणि आम्हाला विचाराल तर... म्हणजे विचारायचं काय त्यात, आम्हीच! आणि लढाया संपल्या तेव्हापासून रीत पडली की एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही. एकमेकांची वस्तू उचलून न्यायची आणि ब्र काढायचा नाही. आम्ही रानातले उंदीर भाजून खातो म्हणून ते चिडवणार, ते माकडं खातात म्हणून आम्ही. मयतालासुद्धा सोडत नाहीत! माझ्या आजोबांची शवपेटी अंगणात, बायका रडतायत, आणि शेजारचा बेंबा पेटीवर थाप मारून ओरडतोय, 'ए, ऊठ! मेल्याचं सोंग घेतलंस म्हणून माझं फावडं बुडवशील होय?' आजी रडता रडता अशी हसली, अशी हसली की तिला दोघींनी धरलं.

पण ते मयतात ना! लग्नात, बाजारात! मला काय वाटलं, नियम छापले, स्टेज बांधलं, परीक्षकाच्या गळ्यात बिल्ला अडकवला, की माणूस घरच्या गोष्टी घरी ठेवून येतो. हॉलंडात येतो! तिथं माणूस येतो, बसतो, गुण देतो, सायकलवर टांग मारतो, जातो. माझ्या मनातलं चित्र तसंच होतं. शांत सभागृह. एकेक स्पर्धक. बंद पाकिटातले गुण. मग मंद टाळ्या...

आणि मी म्हणे देश हिरवा करणार!

आला तो दिवस. ऑक्टोबरातलं ऊन, शाळेचा हॉल तव्यासारखा तापलेला, आणि बा चिलेक्वा आले ते कोट, जाकीट, टाय, डोक्याला हॅट! पहिल्या रांगेत मॅडम नामुकोलो, पाठीचा कणा असा ताठ की खुर्चीला टेकायची गरजच नाही. मागं सगळं चिपाटा. आणि पहिलीच स्पर्धक कोण? तर झोंदिवेची आई. बसस्टँडवर तिची खानावळ आहे आणि बस सुटताना ड्रायव्हर भोंगा वाजवत नाहीत, झोंदिवेच्या आईला सांगतात हाक मारायला, असा आवाज! तिनं शेगडी केली होती ती भुईमुगाच्या टरफलांवर चालणारी. आमच्याकडं टरफलांचे ढीग पडतात हो, वारा आला की डोळ्यांत जातात. कोळसा नको, लाकूड नको, टरफलं ओता आणि मक्याच्या पिठाचा शिमा शिजवा! मला तर ती शेगडी बघून आत कुठं तरी भरूनच आलं होतं.

बा चिलेक्वा शेगडीपुढं थांबले. हॅट मागं सारली. वाकून बघितलं.

'हे काय आहे?'

'शेगडी आहे, बा.'

'शेगडी? मला वाटलं पिंजरा. एका वेळी उंदीर किती बसतात?'

तुम्ही विचार करा, मॅडम पहिल्या रांगेत, आणि नियमच होता, मीच लिहिलेला, की परीक्षकानं स्पर्धकाच्या जातीजमातीवरून, खाण्यापिण्यावरून अवाक्षर काढायचं नाही! आणि झोंदिवेची आई? ती कमरेवर हात ठेवून अशी फुलली, जणू तिला पहिला नंबर मिळाला!

'उंदीर भरपूर बसतात हो बा! तुमचीच पंचाईत आहे. माकड आत जातं, पण शेपटी बाहेर राहते!'

हॉल कोसळला. बाकं वाजवली लोकांनी! म्हातारा मात्र गंभीर. त्या सुटासकट गुडघ्यावर बसला, बाह्या सारून शेगडीत हात घातला.

'आणि ही जाळी? तुमच्या पणजोबांच्या ढालीची दिसतेय. आमचा एक बाण लागला की भोक! अगं, रोज पेटवलीस तर पावसाळ्याच्या आत वितळेल ही. लढाईतून पळताना चांगलं लोखंड टाकून आलात काय?'

'पळत कोण होतं? आम्हाला तर तुमच्या पाठीच दिसत होत्या! आणि वितळली तर बदलता येते. ही अशी सरकवायची...'

'सरकव.'

सरकवली. अडकली.

'हं! अंगोनीचं डोकं. एकदा अडकलं की अडकलं.'

'थांबा की जरा! बेंबाचा हात लागला म्हणून बिथरलीय ती!'

आणि मी... मी काय केलं? मी माईक घेतला. घ्यायला नको होता हो! पण माझ्या डोळ्यांपुढं दहा प्रांत एकामागून एक मावळत होते. मी म्हटलं, 'थांबवा! हे कार्यक्रमाच्या तत्त्वांत बसत नाही. एका भगिनीचा इथं अपमान झाला आहे. आयोजक म्हणून मी समस्त अंगोनी समाजाची क्षमा मागते. आणि बा चिलेक्वा यांनीही ती मागावी, अशी माझी नम्र विनंती आहे.'

तुम्हाला सांगते, तसली शांतता मी आजोबांच्या मयतातही ऐकली नव्हती. म्हातारा हळूहळू उठला. हॅट काढली. छातीशी धरली. 'माफ करा, अमाई,' म्हणाला, आईला म्हणावं तशा अदबीनं. झोंदिवेच्या आईचा चेहरा असा उतरला... 'बा? काय झालं? आमचं काही चुकलं का?' मग माझ्याकडं वळून, 'अगं पोरी, तोडलंस काय आम्हाला? माफी कोण मागतं? परका मागतो! काय केलं होतं गं म्हाताऱ्यानं तुझं?' आणि मागच्या रांगेतल्या एक आजी, अर्ध्या बहिऱ्या, शेजारणीला विचारतायत, 'कोण गेलं गं?'

पण मी ठाम! म्हटलं, पुढं चला. आता सभ्यपणे.

मग सभ्यपणे सुरू झालं.

'जाळी टिकेल का, अमाई?'

'हो, साहेब.'

'अडकते का?'

'नाही, साहेब.'

अडकलेली सगळ्यांना दिसत होती! पुढचा आला, उन्हात मासळी वाळवायची पेटी घेऊन. 'छान आहे.' 'आभारी आहे.' त्याच्या पुढचा. 'फार छान.' 'आपली कृपा.' एका पेटीचं दार बा चिलेक्वांच्या हातात आलं, सगळं दार, बिजागरीसकट! त्यांनी ते हळूच भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, 'छान.' छान! छान! छान! आणि तेव्हा मला हॉलंड आठवलं. तिथं माझ्या प्रत्येक कल्पनेला सगळे छानच म्हणायचे हो... आणि त्यांतली एकही त्या खोलीच्या बाहेर गेली नाही. कोणी उचललीच नाही.

माणसं उठायला लागली. मॅडम नामुकोलो घड्याळाकडं बघतायत. दहा प्रांत गेले, मी मनात म्हटलं, चिपाटासुद्धा गेलं!

आणि मी म्हणे देश हिरवा करणार!

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज. 'तिओंगे! तू तोडलंस ना? मग तूच जोड!'

'कशी जोडू, बाबा?'

'बोल त्याला काहीतरी! अंगोनी आहेस ना?'

अख्खा हॉल माझ्याकडं वळला. आता बोला! हॉलंडात इतकी वर्षं जीभ धुऊनपुसून ठेवलेली, तिच्यावर शिवी कुठून यायची? मी घसा साफ केला. म्हटलं, 'बा चिलेक्वा... तुमची परीक्षणाची पद्धत... काही अंशी... सुधारण्याजोगी आहे.'

'अरेरेरे!' हॉल कळवळला. झोंदिवेच्या आईनं तर डोळ्यांवर हात घेतला.

पुन्हा प्रयत्न केला. 'तुम्ही लोक माकडं... जरा... प्रमाणाबाहेर...'

'जोरात!' 'अगं, ढकल!' 'बाईला पाणी द्या!' आणि म्हातारा समोर हॅट धरून उभा, इतका सभ्य, इतका परका, की मला एकदम रडूच यायला लागलं, आणि रडू यायला लागलं की मला राग येतो, आणि राग आला तशी कुठून कोण जाणे, परसातली, मातीत खेळतानाची ती जुनी जीभ सुटली हो!

'ए माकडखाऊ! सूट घातलास म्हणून शेपटी झाकते होय? मागून लोंबतेय ती! बस खाली आणि बघ ती शेगडी नीट, नाहीतर तुझी हॅटच आत घालते आणि बघते बेंबाच्या डोक्यातून किती धूर निघतो!'

निघून गेलं तोंडातून. 'तू' म्हटलं मी त्यांना! माझ्या बाबांपेक्षा मोठ्या माणसाला! मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आणि बा चिलेक्वा? डोळ्यांतून पाणी! हॅट छताला उडवली! 'आली! आली रे! माझी गुलाम परदेशातून परत आली!'

मग काय विचारता! त्याच क्षणी वीज गेली, माईक गेला, पंखे गेले, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दारं उघडली, शेगड्या बाहेर अंगणात आणल्या, आणि म्हाताऱ्यानं एकेकाला असं सोललं, असं सोललं! मासळीची पेटी? 'वा! माशांना हवा खायला बंगला बांधलाय.' 'खिडक्या जास्त झाल्या का, बा?' 'खिडक्याच आहेत फक्त! उष्णता राहील कशी आत?' प्रत्येक शिवीच्या पोटात एकेक दोष, आणि प्रत्येक उलट शिवीत तो कसा काढायचा ते! लोक मधे पडतायत, तारा वाकवतायत, कोणी पळत जाऊन हातोडी आणतोय. आणि झोंदिवेच्या आईच्या शेगडीवर शिमाचं भांडं चढलेलं, टरफलं फडफडतायत, आणि धूर? नावाला नाही!

मी म्हटलं, बा, आता निकाल. गुणांची पाकिटं पुढं केली. त्यांनी पाकिटांकडं बघितलंसुद्धा नाही. शिमा संपवला, हात धुतले, अंगातला कोट काढला, त्यात ती झोंदिवेच्या आईची शेगडी, अजून कोमट, गुंडाळली, काखोटीला मारली आणि फाटकाकडं चालायला लागले!

'अहो बा! निकाल!'

'हाच निकाल. चांगली नसती तर उचलली असती होय?'

'अहो, पण ती शेगडी त्यांची! तिच्या रचनेवर हक्क त्यांचा!' मी धावले हो मागं. तर झोंदिवेच्या आईनंच माझा दंड धरला. सबंध अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या कानात म्हणाली, 'जाऊ दे त्याला! ती जाळी आता तो तिकडं नीट करणार. खाणीतला माणूस आहे तो, तसलं लोखंड मला कुठं मिळतंय? कासामाभर मिरवेल, आपणच केली म्हणून सांगेल, घरोघर एकेक करून घेतील. मग मी जाईन आणि नवी जाळीवाली उचलून आणीन.'

'आणि त्यांनी नाही नीट केली तर?'

'तर त्याच्या घराचं दार आणीन.'

मी तिथंच पायरीवर बसले. माझा प्रबंध आठवला. कल्पना एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात न्यायची तर भागीदारी करा, प्रशिक्षण द्या, सल्लागार नेमा, पाहणी करा, मग पाहणीची पाहणी करा... आणि इथं ती कल्पना कोटात गुंडाळून, माझ्या डोळ्यांदेखत, फाटकाबाहेर चालली होती!

मॅडम नामुकोलो माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी उठले.

'तिओंगे, हा तमाशा होता.'

'हो, मॅडम.'

'परीक्षकानं चोरी केली.'

'हो, मॅडम.'

'हं...' त्या दूर बघत म्हणाल्या, 'आमच्या पश्चिम प्रांतात कोण परीक्षक आणशील?' मॅडम लोझी जमातीच्या, तिकडच्याच मोंगूच्या. त्याच म्हणाल्या, 'टोंगा आण. दक्षिणेचे. त्यांना गुरांच्या शेपट्या मोजण्यापलीकडं काही कळत नाही, पण आण.' आणि गाडीपाशी त्यांचा ड्रायव्हर मुन्साका, तो टोंगा, म्हणजे मासेखाऊ लोझींचा थट्टेचा सोयरा, इतकी वर्षं त्यांच्यापुढं 'हो मॅडम, नाही मॅडम' करणारा, तो तिथून ओरडला, 'येऊ की मॅडम! फक्त पानात नुसती माशांची डोकी वाढणार असाल तर सांगा, आम्ही घरून डबा आणू!'

मी डोळे मिटून घेतले. आणि तुम्हाला सांगते, मॅडम हसल्या! पाठीचा कणा पहिल्यांदा वाकला! 'गाडी काढ, गुराख्या!' म्हणाल्या, आणि मला, 'दहाही प्रांत. मंजूर. पुढची स्पर्धा कुठं आणि तिथं परीक्षक कोण, उद्या सकाळी फोन करून सांग.'

दहाही प्रांत! मी त्या आनंदात झोपले हो. म्हटलं, सकाळी शांतपणे नकाशा काढायचा, अभ्यास करायचा, लोकसंख्या, जंगल, कोळशाचा खप, सगळं तोलायचं आणि मगच ठरवायचं.

सकाळी उठले. व्हरांड्यात आले. सायकल नाही! गोधडी आहे, सायकल नाही! 'बाबा! चोर!' आणि फोन वाजला. मागं बसचा घरघराट, कोंबड्यांचा आवाज, आणि बा चिलेक्वा!

'ए गुलाम! घडी मात्र झकास होते हिची. पण सीट उंदराच्या मापाची का गं केलीय?'

'बा! माझी सायकल!'

'माझी? काल भर सभेत माकडखाऊ कोण म्हणालं मला? नातं तू जोडलंस, आता वस्तू माझी.' ठेवला फोन!

मी बाबांकडं वळले. ते चहा पीत होते. 'बाबा, तुम्ही बघितलंत? जाऊ दिलीत?'

'जाऊ कशाला देऊ?' बाबा म्हणाले. 'दोरी सापडेना त्याला. मीच तुझ्या स्पर्धेच्या सामानातली दोरी काढून बसच्या टपावर बांधून दिली. सोयऱ्याला नाही कसं म्हणायचं?'

मग मी ठरवलं. नकाशा नाही, लोकसंख्या नाही, खप नाही. उभ्या उभ्या मॅडमना फोन लावला. 'मॅडम, पुढची स्पर्धा कासामाला. आणि परीक्षक मी.'

'इतक्या लवकर ठरवलंस? कासामाच का?'

आता काय सांगणार? म्हटलं, 'मॅडम, तिथं धूर न करणारी वाहनं अचानक वाढल्याची पक्की खबर आहे.'

तर आता बांधाबांध चाललीय. झोंदिवेची आई पण येतेय, तिला दाराचं माप घ्यायचंय. दोन दिवस बसमध्ये शिव्यांचा सराव करणार आहे मी, ती शिकवतेय, जीभ अजून थोडी अडकते. आणि विचारू नका आता, देशाचं काय, जंगलांचं काय! म्हणे देश हिरवा करणार... करीन हो, करीन. आधी माझी सायकल तर उचलून आणू दे!